फाटकावर पहारा, पण आतल्या खोल्यांना कुलूप कोठे आहे?



गेल्या हंगामात ऊसबिलाचा हप्ता जमा होण्याच्या सुमारास आपल्या काही सभासदांना फोन आले. समोरचा माणूस मोठा गोड बोलत होता. "काका, तुमचा सभासद नंबर अमुक, टनेज तमुक, बिल बँकेत अडकलंय, मोबाइलवर आलेला आकडा तेवढा सांगा," असे त्याचे म्हणणे. नंबर बरोबर, टनेज बरोबर, मग माणूसही बरोबरच असणार, असा समज कोणाचाही होईल. ज्यांनी ही हकीकत आमच्या कानावर घातली ते सभासद मात्र हुशार निघाले. "बिल अडकलं असेल तर मी उद्या गट ऑफिसला जाऊन बघतो," म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

आता ही माहिती त्या माणसाकडे गेली कोठून? खरे सांगायचे तर ते अजून सिद्ध झालेले नाही. काट्याची पावती रस्त्यात पडते, यादी फलकावर लागते, मोबाइलवरून फोटो गावभर फिरतो. परंतु आपल्या कारखान्याची वेबसाइट आहे, तीवर सभासदांना वजन व बिल पाहण्याची सोय आहे, तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखविण्याआधी आपले घर तपासावे असे ठरले. त्या तपासणीत जे दिसले ते पुढे सांगणारच आहोत. पण ते समजण्यासाठी आधी थोडी माहिती हवी. म्हणून हा लेखप्रपंच.

जोडणी म्हणजे काय?

आजकाल बहुतेक लहानमोठ्या संस्थांच्या वेबसाइट वर्डप्रेस नावाच्या प्रणालीवर बांधलेल्या असतात. ही प्रणाली २००३ साली सुरू झाली, ती फुकट मिळते आणि आज जगातील दर दहा वेबसाइटींपैकी चार तरी तिच्यावर चालतात. आपलीही तिच्यावरच आहे.

वर्डप्रेस म्हणजे ट्रॅक्टर समजा. नुसत्या ट्रॅक्टरने शेती होत नाही. मागे नांगर जोडावा लागतो, रोटाव्हेटर जोडावा लागतो, सरी पाडायला रिजर लागतो, ऊस वाहायला ट्रॉली लागते. त्याचप्रमाणे वर्डप्रेसला मागून जी कामाची अवजारे जोडतात त्यांना प्लगइन म्हणतात. अर्ज भरून घेण्याचे एक, फोटो दाखविण्याचे दुसरे, पैसे स्वीकारण्याचे तिसरे, वेबसाइट जलद चालावी म्हणून चौथे. अशी पन्नास हजारांहून अधिक प्लगइन मोफत उपलब्ध आहेत. कोणी मोठ्या कंपनीने केलेली, कोणी एकट्या माणसाने रात्री जागून केलेली.

येथेच खरी मेख आहे. ट्रॅक्टर नामांकित कंपनीचा असला तरी मागची ट्रॉली गावच्या वर्कशॉपमध्ये बनलेली असू शकते. उतारावर ट्रॉलीची कडी निसटली तर ट्रॅक्टरचे ब्रेक कितीही चांगले असून काय उपयोग? प्लगइन एकदा जोडले की त्याला वेबसाइटची सगळी ताकद मिळते. ते सभासदांची यादी वाचू शकते, पाने बदलू शकते, नवे खाते उघडू शकते. हे काम कोणाच्या सांगण्यावरून करायचे आणि कोणाच्या सांगण्यावरून करायचे नाही, ही तपासणी मात्र प्लगइन लिहिणाऱ्याने स्वतः घालावयाची असते. ती घालायची राहिली तर वर्डप्रेस आपण होऊन अडवीलच असे नाही.

ओळख वेगळी, अधिकार वेगळा

आपल्या फाटकावर वॉचमन बसतो. तो येणाऱ्याची ओळख विचारतो. "कोण तुम्ही?" "मी अमक्या गावचा सभासद." "या आत." हे झाले ओळखीचे काम. पण आत आलेला सभासद काट्यावर जाऊन वजनाचा आकडा बदलू शकतो काय? साखर गोदामाची किल्ली मागू शकतो काय? चिटबॉय ऊसतोडीची नोंद करतो, पण बिल मंजूर करीत नाही. कॅशियर पैसे देतो, पण दर ठरवीत नाही. गोदाम कीपरसुद्धा डिलिव्हरी ऑर्डर पाहिल्याशिवाय पोते हलवीत नाही, मग समोर प्रत्यक्ष संचालक का उभे असेनात. हा झाला अधिकाराचा प्रश्न.

वेबसाइटवरही असेच आहे. नाव आणि पासवर्ड विचारणे म्हणजे ओळख. त्यानंतर प्रत्येक कामाच्या वेळी "या माणसाला हे काम करण्याचा हक्क आहे का?" असे विचारणे म्हणजे अधिकार. वर्डप्रेसमध्ये खात्यांच्या पाच पायऱ्या मुळातच असतात. सर्वांत वर प्रशासक, त्याखाली संपादक, मग लेखक, मग योगदान देणारा आणि शेवटी नुसता वाचक-सदस्य. प्रशासकाला सर्व काही करता येते, सदस्याला स्वतःच्या माहितीपलीकडे फारसे काही करता येत नाही.

ओळख विचारली आणि अधिकार विचारायचा राहून गेला, किंवा दोन्हीही विचारायचे राहिले, तर त्या दोषाला प्रवेश-नियंत्रणातील दोष म्हणावे. हा दोष किरकोळ समजू नये. वेबसाइटींच्या सुरक्षेचा अभ्यास करणारी ओवास्प नावाची जागतिक संस्था सर्वांत घातक अशा दहा दोषांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करते. २०१७ च्या यादीत हा दोष पाचवा होता. २०२१ च्या यादीत तो पहिला आला.

चूक होते ती कशी?

आपल्या सभासदांची मुले-मुली आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. त्यांच्यासाठी म्हणून थोडे खोलात जाऊन सांगतो. इतरांनीही वाचावे, अवघड काही नाही.

पहिली चूक शब्दाच्या घोटाळ्याची. वर्डप्रेसमध्ये 'इज-अ‍ॅडमिन' नावाची एक तपासणी आहे. नावावरून वाटते की समोरचा माणूस प्रशासक आहे का, हे ती सांगत असेल. प्रत्यक्षात ती एवढेच सांगते की आलेली विनंती कार्यालयाच्या बाजूने आली आहे. म्हणजे जो ऑफिसात उभा आहे तो साहेबच असणार, असे धरून चालल्यासारखे झाले! ऑफिसात तर चहावालाही येतो. शिवाय या कार्यालयाला मागच्या बाजूने एक खिडकी असते व तेथे पासवर्ड नसलेल्या परक्यालाही चिठ्ठी टाकता येते. पुष्कळ प्लगइन लिहिणारे येथे फसले आहेत.

दुसरी चूक टोकनची. गाडीतळावर गाडीला नंबराचे टोकन मिळते. त्या टोकनाचा अर्थ एवढाच की ही गाडी रांगेतून रीतसर आली. ते दाखवून गोदामातून साखर मागितली तर कोणी देईल काय? वर्डप्रेसमध्येही 'नॉन्स' नावाचे असे एक टोकन असते. विनंती आपल्याच पानावरून आली, कोणी परस्पर घुसडलेली नाही, एवढे त्यावरून कळते. माणसाचा अधिकार त्यावरून कळत नाही. तरीही काही जण टोकन पाहून गोदाम उघडतात.

तिसरी चूक बटण लपविण्याची. साध्या सदस्याच्या पडद्यावर 'सेटिंग बदला' हे बटण दिसत नाही, म्हणजे तो सेटिंग बदलू शकणार नाही, असा समज. पण बटण लपविले म्हणजे कुलूप लावले असे होत नाही. खोलीच्या दारापुढे कपाट सरकवून ठेवले तर दार दिसणार नाही, पण ज्याला दार ठाऊक आहे तो कपाट बाजूला करून आत जाईलच.

चौथी चूक नंबराची. पान उघडताना वरच्या पत्त्यात नंबर दिसतो. आपला नंबर ४१२ असेल, तो पुसून ४१३ लिहिला की शेजाऱ्याची माहिती समोर येते. कारण पान देणाऱ्याने "४१३ ची माहिती द्या" एवढेच ऐकले. मागणारा ४१३ च आहे का, हे विचारलेच नाही.

हे प्रत्यक्षात घडलेले आहे

कोणी म्हणेल, ही सारी पुस्तकातली भीती. तसे नाही.

२०१८ च्या मे महिन्यात युरोपात लोकांच्या खासगी माहितीच्या रक्षणासाठी कडक कायदा लागू झाला. तो पाळणे सोपे जावे म्हणून 'डब्ल्यूपी जीडीपीआर कंप्लायन्स' नावाचे प्लगइन निघाले व एक लाखावर वेबसाइटींनी ते बसविले. त्याच वर्षी नोव्हेंबरात उघड झाले की त्यातील सेटिंग साठविण्याच्या कामाला अधिकाराची तपासणीच नव्हती. चोरांनी काय करावे? त्यांनी दोनच सेटिंग बदलले. एक, कोणालाही नवे खाते उघडता यावे. दोन, नवे खाते उघडणारा प्रत्येक जण प्रशासक व्हावा. मग रीतसर नाव नोंदवून ते प्रशासक झाले आणि आत गेल्यावर नवीन नोंदणी पुन्हा बंदही करून टाकली, म्हणजे दुसरा चोर मागे यायला नको! १.४.३ या आवृत्तीत हे भोक बुजविले गेले.

२०२० च्या फेब्रुवारीत 'थीमग्रिल डेमो इम्पोर्टर' या प्लगइनचा दोष बाहेर आला. नव्या वेबसाइटवर नमुन्याची पाने टाकण्याचे हे साधे अवजार, दोन लाखांवर ठिकाणी बसविलेले. त्यात सगळी माहिती पुसून पाटी कोरी करण्याची सोय होती व ती मागच्या खिडकीतून, पासवर्डाशिवाय, कोणालाही चालविता येत होती. वर्षानुवर्षांची पाने एका विनंतीत साफ. त्यातून जर 'अ‍ॅडमिन' नावाचे खाते असेल तर पुसणारा त्याच नावाने आतही जात असे. हा दोष सुमारे तीन वर्षे तसाच पडून होता. नमुन्याची पाने एकदाच टाकायची असतात. काम झाल्यावर अवजार काढून ठेवले असते तर ते लोक वाचले असते.

नंबर बदलण्याच्या चुकीचे उदाहरण २०२३ च्या जूनमधले. ऑनलाइन दुकानांत पैसे स्वीकारण्यासाठी वापरले जाणारे 'वूकॉमर्स स्ट्राइप गेटवे' नऊ लाख ठिकाणी चालू होते. त्यात खरेदी करणाऱ्यांची नावे, ईमेल व पत्ते परक्यालाही पाहता येत होते. येथे काही पुसले गेले नाही, काही मोडले नाही, म्हणून लोकांना ते लवकर कळतही नाही. पण आपल्या सभासदांना आलेले फोन आठवा. चोराला पहिल्याने तिजोरी नको असते, आपला विश्वास बसेल एवढी माहिती हवी असते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये 'लाइटस्पीड कॅश' या पन्नास लाख वेबसाइटींवरच्या प्लगइनची पाळी आली. पाने आधीच तयार करून ठेवण्यासाठी हे प्लगइन थोडा वेळ एखाद्या खातेदाराचे सोंग घेत असे. त्यासाठी एक गुप्त शब्द होता. पण तो अशा रीतीने तयार होई की त्याच्या शक्यता अवघ्या दहा लाख. माणसाला दहा लाख फार वाटतात, यंत्राला काहीच नाही. सेकंदाला तीन शब्द करून पाहिले तरी चार दिवसांच्या आत सगळे संपतात आणि एक बरोबर लागला की चोर प्रशासकाचे सोंग घेऊन उभा. ६.४ या आवृत्तीत दुरुस्ती झाली.

आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तर कुंपणानेच शेत खाल्ले. 'रिअली सिंपल सिक्युरिटी' हे चाळीस लाख वेबसाइटींवरचे प्लगइन खास सुरक्षेसाठीच बसवितात. त्यात दुहेरी पडताळणीची सोय आहे. म्हणजे पासवर्डानंतर आणखी एक आकडा विचारायचा. गंमत अशी की आलेले टोकन खोटे आहे हे प्लगइनला कळत होते, तशी नोंदही ते करीत होते, पण पुढचा भाग ती नोंद न वाचताच दार उघडीत होता. वॉचमनने "पास खोटा आहे" असे ओरडून सांगावे आणि फाटक उघडणाऱ्याने ते ऐकूच नये, तसे. ज्यांनी ती दुहेरी पडताळणी चालू केली होती तेच उघडे पडले. प्रशासकाच्या खात्याचा क्रमांक माहीत असला की पुरे, आणि तो पुष्कळदा एक असतो. दुरुस्त आवृत्ती ९.१.२ आली तेव्हा वर्डप्रेसच्या मंडळींनी ती बहुतेक वेबसाइटींवर आपण होऊन बसविली, इतके प्रकरण गंभीर होते.

एक गोष्ट येथे नीट ध्यानात घ्यावी. दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध होते तेव्हा ती चोरालाही मिळते. जुनी आणि नवी शेजारी ठेवली की भोक कोठे होते ते त्याला दिसते. मग तो ज्यांनी दुरुस्ती बसविली नाही त्यांना शोधत फिरतो. म्हणजे दुरुस्ती निघाल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे. "हंगाम संपू द्या, मग बघू," हे येथे चालत नाही.

आपल्या घरी काय आढळले

आता आपल्याबद्दल. लपविण्यात अर्थ नाही, कारण संस्था सभासदांची आहे.

पहिले म्हणजे, वापरात नसलेली काही प्लगइन तशीच जोडलेली होती. कोणी एका समारंभाचे फोटो लावण्यासाठी बसविले, समारंभ झाला, अवजार तसेच राहिले. दुसरे, निवृत्त झालेल्या एका कर्मचाऱ्याचे प्रशासकाचे खाते चालूच होते. त्यांच्याकडून काही गैर झाले नाही. पण माणूस घरी गेल्यावर किल्ली परत घ्यायची असते, ती आम्ही घेतली नव्हती. तिसरे आणि सर्वांत वाईट म्हणजे, बिल पाहण्याच्या पानावर वर सांगितलेली चौथी चूक होती. पत्त्यातला नंबर बदलला की दुसऱ्या सभासदाचे टनेज व रक्कम दिसत होती. बँक खाते दिसत नव्हते, हे त्यातल्या त्यात समाधान. पण समाधान मानून बसावे असे ते नव्हे.

ते पान त्याच दिवशी बंद करण्यात आले. आता दुरुस्तीनंतर ते पुन्हा सुरू झाले असून प्रत्येक वेळी मागणारा व नंबराचा मालक एकच आहे का, हे तपासले जाते. नको असलेली प्लगइन नुसती बंद न करता काढून टाकली आहेत, कारण बंद प्लगइनची फाइल तेथेच पडून राहते. प्रशासकाची खाती आता दोनच आहेत.

पुढे काय करावयाचे

कार्यालयाने स्वतःवर घालून घेतलेले नियम असे :

१) जेवढी गरज तेवढीच प्लगइन. नवे बसविण्याआधी ते अलीकडे अद्ययावत झाले आहे का, त्यामागे माणसे आहेत का, हे पाहावे.

२) दुरुस्त आवृत्ती आली की लगेच बसवावी. शक्य तेथे आपोआप बसण्याची सोय चालू ठेवावी.

३) ज्याला जेवढे काम, त्याला तेवढाच अधिकार. बातम्या लिहिणाऱ्याला प्रशासक करू नये. नोकरी सुटली की त्याच दिवशी खाते बंद.

४) प्रशासकांची यादी दर महिन्याला पाहावी. अनोळखी नाव दिसले तर ते चोर आल्याची खूण समजावी.

५) वेबसाइटची पूर्ण नक्कल वेगळ्या ठिकाणी ठेवावी व ती परत बसते का, हे मधूनमधून करून पाहावे.

६) घुसखोरी झालीच तर झाकून ठेवू नये. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावयाचा असतो.

आणि सभासदांनी काय करावे? कारखाना फोनवरून कोणाचाही ओटीपी, पिन किंवा पासवर्ड कधीच मागत नाही. समोरच्याने तुमचा नंबर, टनेज, अगदी बापजाद्यांची नावे बरोबर सांगितली तरी विश्वास ठेवू नका. माहिती असणे वेगळे आणि अधिकार असणे वेगळे, हाच तर या सगळ्या लेखाचा सारांश आहे. शंका आली तर फोन ठेवा व गट ऑफिस गाठा. चुकून पैसे गेलेच तर लाजू नका, ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा जास्त.

आणखी एक विनंती. आपल्या वेबसाइटवर तुम्हाला दुसऱ्याची माहिती दिसली, किंवा काही विचित्र आढळले, तर ते मित्रांना पाठवीत बसू नका, पण गप्पही राहू नका. संगणक विभागाला सांगा. सांगणाऱ्याला कोणी दोष देणार नाही, उलट आभारच मानले जातील.

काट्यावर आपण सगळे डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. दहा किलोचा फरक पडला तरी आवाज उठवितो, आणि ते योग्यच आहे. आता आपली नोंद, आपले वजन आणि आपले बिल कागदावरून या नव्या काट्यावर आले आहे. तेव्हा त्याच्यावरही तशीच नजर हवी. आमच्यावर ठेवा, आम्ही ती मागतो आहोत.

कळावे.